वज्यातली होडी

लेकीच्या पाठवणीच्या वेळी बाप काय वाटेल ते बोलतो आणि शहाणी माणसं ते मनावर घेत नाहीत. कोरगावच्या कृष्णनाथाचं नशीब असं, की तो बोलला तेव्हा मांडवात एकही शहाणं माणूस नव्हतं. गौरवी आमोण्याला सासरी निघाली आणि गाडीचं दार धरून हमसाहमशी रडायला लागली. तिला हसवायला म्हणून कृष्णनाथ बोलून गेला, "रडू नको गे. पयल्या चवथीच्या वज्यांत तुका होडी धाडतंय. मन जालां काय होडयेत बसान कुळारा ये."

आमोण्याला मांडवी आहे, हे खरं. पण मांडवी काही कोरगावला येत नाही. आमोण्याहून होडीत बसलेल्या मुलीला या कुळाराला, म्हणजे माहेरी, यायचं तर पणजी मागे टाकून भर समुद्रात शिरावं लागेल, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जावं लागेल, आणि वर काजूच्या डोंगरातून चालत यावं लागेल. हे त्याला कुणीच सांगितलं नाही. उलट व्याही सगुणबाबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वऱ्हाडाने वाजवल्या, आणि कृष्णनाथाचा शब्द त्याच्या गळ्यात पडला.

वजें म्हणजे पहिल्या चतुर्थीला मुलीच्या घरून तिच्या सासरी जाणारं सामान. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, नारळ, केळ्यांचे घड, गणपतीवरच्या माटोळीला टांगायची रानफळं, असं सगळं टोपल्यांत भरून न्यायचं असतं. कृष्णनाथाने ते होडीत भरून न्यायचं ठरवलं, म्हणजे होडीही गेली आणि वजेंही गेलं. शिवोलीच्या एका माणसाकडून त्याने जुनी फायबरची होडी आणली, मागे लहानसं इंजिन आणि खाली दोन चाकांचा ट्रेलर. ती अंगणात आली तेव्हा वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, माणसं लग्नाला आल्यासारखी नटून बघायला आली.

गंगेला, म्हणजे त्याच्या बायकोला, होडीचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला आमोण्याला जायचं होतं. लग्नानंतर गौरवी एकदाच येऊन गेली, तीही अशी की तिचं पाणी पिऊन होईपर्यंत जावयाने मोटारसायकल सुरू केली. मागच्या आठवड्यात फोनवर तिने विचारलं, "आई, पयलीच चवथ आसा माजी. पातोळ्यो, खतखतें, सगळां माकाच करूचां आसा. माजां काळीज धडधडता. वज्यावांगडा तू येतलंस मां?"

"बघतंय," गंगा म्हणाली. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं घासत बसली. ते पातेलं सकाळीच घासून झालेलं होतं. कृष्णनाथाने दारातून ते पाहिलं.

अडचण होती ती भिकाजीची. भिकाजी हा कृष्णनाथाचा थोरला भाऊ. घराण्याचा गणपती त्याच्याच घरी, तिथलं सगळं रांधप त्याची बायको सरस्वती बघायची, आणि घराण्याचे नियम भिकाजीला तोंडपाठ. ते कुठेही लिहिलेले नसल्यामुळे चुकीचे आहेत असं दाखवायचीही सोय नव्हती. त्यातला एक असा, की मुलीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरी जायचं नाही. आणि दुसरा, गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घातलं की वज्याला मुलीच्या दारात पोहोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. उतरवायचं तर नाहीच, जागचं सरकवायचंही नाही.

कृष्णनाथ पाणीपुरवठा खात्यातून नळ जोडून जोडून निवृत्त झाला होता. साठी उलटली तरी दादासमोर त्याच्या तोंडातून 'नाही' हा शब्द कधी निघालेला नव्हता. तरी गंगेसाठी तो हिय्या करून दादाच्या पडवीत गेला.

"दादा, गंगा म्हणी..."

"ना," भिकाजी म्हणाला.

झालं विचारून. कृष्णनाथ परत आला आणि गंगेला म्हणाला, "विचारलंय." पुढचं तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी धाकू आपली जीप घेऊन आला. धाकू मूळचा सिंधुदुर्गातला. डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, खाणी थांबल्यावर तो कोरगावात येऊन काजूच्या गोण्या वाहू लागला. त्याच्या जीपचे पाटे इतके मऊ झाले होते की मागच्या बाकावर मांजर चढलं तरी जीप पुढून मान वर करायची. जीपच्या मागे त्याने एक उभी लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली होती आणि तिला एकाखाली एक भोकं होती. ज्या भोकात नट आवळाल त्या उंचीवर एक लोखंडी गोळा बसायचा आणि त्या गोळ्यावर ट्रेलरच्या दांडीची टोपी.

आता प्रश्न एवढाच, की कुठलं भोक? प्रश्न दिसायला लहान आहे, पण ज्याने तो चुकवला त्याला रस्ता सोडत नाही. गोळा फार वर बसला तर ट्रेलरचं नाक वर जातं, सगळा भार मागे सरकतो आणि वेग घेतला की ट्रेलर मागून डावी-उजवी झोकांड्या खायला लागतो. फार खाली बसला तर नाक भुईला, जीपची पाठ दबलेली आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग कुणाचं ऐकत नाही. ट्रेलर भुईशी सरळ राहिला पाहिजे, एवढंच.

"नाक वर ठेवया," धाकू म्हणाला. "खड्ड्यात आपटाक नाका."

"नाक वर?" भिकाजीने काठी आपटली. तरुणपणी तो बैलगाडी हाकायचा आणि त्यानंतर जगात आलेली सगळी वाहनं त्याला बैलगाडीच वाटायची. "म्हणजे गाडी उलाळ जातली. मागे भार, फुडे हलकी. उलाळ गाडी बैलाक फास लायता, माका सांगतंस? धुरेवर भार आसाक जाय."

"दादा, हंय बैल खंय आसा?" धाकूने विचारलं.

"चलयता तो कोण?" भिकाजी म्हणाला.

शेजारच्या बाबलीनेही मत दिलं. बाबलीने आयुष्यात रुसलेल्या म्हशीखेरीज काही ओढलेलं नव्हतं, पण मत द्यायला तेवढं पुरतं. कृष्णनाथ सगळ्यांचं ऐकून घेऊन शांतपणे आत गेला आणि पाणसळ घेऊन आला. पाण्यातला बुडबुडा मधोमध आला की सरळ, नाहीतर वाकडं. नळवाल्याचा देव तो. "आदी सगळां वजन चडवया," तो म्हणाला, "मगे माप घेवया. रिकाम्या गाडयेचां माप फुकट." या एका वाक्यात त्या दिवसाचं सगळं शहाणपण होतं.

मग वजें चढू लागलं. वाड्यावरच्या प्रत्येक घराने काहीतरी घातलंच पाहिजे, हा तिथला रिवाज, आणि एकाने काय घातलं हे बघून दुसरा त्याहून मोठं घालणार, हाही रिवाजच. बाबलीने माणसाच्या मांडीएवढं तवसं, म्हणजे जून काकडी, आणलं. ते बघून पलीकडच्या घरून सुरणाचा गड्डा आला. होडीचा पुढचा भाग नारळांनी भरला, मधे केळ्यांचे घड पडले, आणि लाडवांचे डबे इंजिनाशेजारी जाऊन बसले. नेवऱ्यांचा मोठा डबा तेवढा जीपच्या मागच्या बाकावर ठेवायचा होता, आणि नेवऱ्या मोडल्यात का हे बघायला गंगा तिथे चढून बसली.

चढून बसली ती बसलीच. एकेक नेवरी उचलायची, उजेडात बघायची, परत ठेवायची. चहा आणि उंडे, म्हणजे पाव, आले, तेही तिने बाकावरच खाल्ले. एकदा कृष्णनाथ म्हणाला, "देंव गे जरा, पाय मोकळे कर." ती म्हणाली, "नेवऱ्यो कोण बघतलो? तुमी?" कृष्णनाथाने विषय सोडला.

गंगा अंगाने भरलेली होती. वजनाचा आकडा तिने डॉक्टरलासुद्धा कधी सांगितला नव्हता. काट्यावर उभी राहिली की ती डोळे मिटायची आणि डॉक्टरनेही मिटावेत असा आग्रह धरायची.

कृष्णनाथाने ट्रेलरच्या दांडीवर पाणसळ ठेवली. वरच्या भोकात गोळा बसवला तर नाक वर. एकदम खाली नेला तर नाक खाली. घाम पुसत त्याने वरून दुसऱ्या भोकात नट आवळला, टोपी बसवली, आणि बुडबुडा डुलत डुलत येऊन मधोमध उभा राहिला. वाड्याने टाळ्या वाजवल्या. बाबली म्हणाला, "मी ह्यांच सांगत होतंय."

मग गाऱ्हाणं झालं. भिकाजीने नारळ हातात धरून डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, हें वजें, ही होडी, ही जीप, तो लोखंडाचो गोळो, सगळां सांबाळून आमोण्याक पावय."

"व्हय म्हाराजा!"

"आनी धाकूच्या पायाक बिरेकाची याद ऱ्हांव दी."

"व्हय म्हाराजा!" यात धाकूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

डोळे उघडून भिकाजी जीपकडे वळला. "चला. गंगा, तू देंव आता."

गंगेने डबा बाकावर ठेवला, पदर सावरला आणि ती खाली उतरली. जीपची पाठ दोन बोटं वर आली. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण त्या वेळी सगळे तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. कृष्णनाथाने तर जीपकडेही पाहिलं नाही. त्याला आपलीच लाज वाटत होती.

गावातल्या वळणांवर काही कळलं नाही. धाकू बैलाच्या चालीने चालवत होता आणि भिकाजी पुढच्या सीटवर मांडीत नारळ घेऊन प्रसन्न बसला होता, दोघांच्या मधे कृष्णनाथ दाटीने. धारगळच्या हमरस्त्याला लागल्यावर मात्र धाकूला टिपरचे दिवस आठवले आणि त्याने पाय दाबला. लगेच मागून काहीतरी ढकलल्यासारखं झालं. कृष्णनाथाने मागे पाहिलं. होडी एकदा डावीकडून डोकावली, मग उजवीकडून डोकावली. तवसं आडवं झालं. मागून येणाऱ्या बसवाल्याने हॉर्न वाजवला आणि खिडकीतून जे काही सांगितलं ते गाऱ्हाण्यात बसण्यासारखं नव्हतं.

धाकूने पाय सोडला, हळूहळू वेग कमी केला आणि रस्त्याकडेला शेवंती नावाच्या बाईच्या दुकानाशी जीप उभी केली. दुकान म्हणजे चार बांबू आणि ताडपत्री, खाली माटोळीची फळं मांडलेली. शेवंती उठून उभी राहिली. "होडी विकतात?" तिने विचारलं.

कृष्णनाथ पाणसळ घेऊन मागे गेला. दांडीवर ठेवली तर बुडबुडा नाकाकडे धावला. नाक वर! सकाळी मधोमध होता आणि आता वर? त्याने गोळा बघितला, पट्टी बघितली, चाकातली हवा बघितली. मग त्याने मागच्या बाकाकडे बघितलं. तिथे नेवऱ्यांचा डबा एकटा बसला होता.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माप घेतलं गंगेसकट आणि निघालो गंगेविना. उपाय सोपा होता. गोळा एक भोक खाली घ्यायचा, की झालं सरळ. त्याने पाना काढला, नटाला लावला आणि जरासा जोर दिला. नट लोण्यासारखा फिरला.

आणि तेवढ्यात त्याला ते घासलेलं पातेलं आठवलं. पाना हातात धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला. मग त्याने नट पुन्हा आवळला, उभा राहिला आणि सबंध आयुष्यात बोलला नव्हता ती गोष्ट बोलला.

"दादा, नट फिरना."

"फिरना?" भिकाजी खाली उतरून आला. "तुज्या हातान फिरना?"

कृष्णनाथाला हे बोल लागले. पेडण्याच्या अर्ध्या तालुक्यात त्याची कीर्ती होती, की कितीही गंजलेला नट असो, कृष्णनाथाने हात लावला की सुटला. पण आता माघार नव्हती. त्याने पाना लावला, डोळे वटारले, गाल फुगवले आणि हवेतल्या हवेत इतका जोर केला की मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. शेवंतीने घाबरून त्याला पाणी आणून दिलं.

"दी हंय, मी बघतंय," धाकू म्हणाला.

"तू?" कृष्णनाथ उसळला. "जल्मभर नट फिरयलेल्या माणसाक जमना, तें तू करतलंस? इतको मान तरी ठेव रे माजो!" धाकू वरमला आणि चार पावलं मागे सरला. कृष्णनाथाला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

"मगे होडयेतलां सामान फुडे सरकव," शेवंती म्हणाली. "लाडू मागे कित्याक ठेवल्यात? फुडे घाला, नाक आपसूक देंवतलां." बाई हुशार होती. कृष्णनाथाचा जीव खाली-वर झाला.

पण भिकाजीच पुढे आला. "गाऱ्हाणां घातलां. वज्याक हात लावची गजाल करू नकात."

"तर मगे मागच्या बाकार धोंडो घालुया," धाकूने सुचवलं. "हो बघा, बरो आसा."

"धोंडो?" भिकाजीचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "लेकीच्या पयल्या वज्यावांगडा धोंडो घेवन जावं? सगुणबाबाक सांगूचां किदें? हे लाडू, ह्यो नेवऱ्यो, आनी हो आमच्याकडसून धोंडो?"

तिथे गाडी थांबवून होडीचा फोटो काढणारे दोन पर्यटक होते. त्यांतला जाडा पर्यटक म्हणाला की मी बसतो. भिकाजीने त्याला खालून वर न्याहाळलं आणि त्याचं गोत्र विचारलं. पर्यटक निघून गेला.

मग कृष्णनाथ घसा खाकरून म्हणाला, "दादा, तू सकाळीच बोललंस तां खरां. गाडी उलाळ जाली." हे ऐकून भिकाजीला बरं वाटलं. "माप घेताना मागच्या बाकार वजन होतां. तां वजन आता ना."

"कसलां वजन?"

"गंगा."

एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"कितकां आसतलां?" भिकाजीने विचारलं.

"तां ती सांगना."

"अदमास?"

"दादा, अदमास करूचो धीर माका ना."

भिकाजी रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसला. त्याच्या समोर आता घराण्याचे दोन नियम एकमेकांच्या अंगावर आले होते. वज्याला हात लावायचा तर एक मोडतो, गंगेला न्यायचं तर दुसरा. दोन्ही त्याचेच. कृष्णनाथाने त्याच्याकडे बघायचं धाडस केलं नाही, तो शेवंतीची फळं मोजल्यासारखं करत उभा राहिला. आता दादा धाकूला नट बघायला सांगणार, आणि सगळं संपणार.

शेवटी भिकाजी उठला. "आयक," तो म्हणाला. "आवय म्हणान ती येवची ना. नियम म्हणजे नियम. पण वजन म्हणान येवंक हरकत ना. वजनाक नातां नसता." त्याने काठी रोखली. "आनी वजन जीपीतसून देंवाचां ना. समाजलां?"

"समाजलां," कृष्णनाथ म्हणाला आणि फोन लावायला जरा लांब गेला, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

गंगा पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवरून आली. इतक्या लवकर आली, की कोरगावातून निघून तिथवर पोहोचायला जो वेळ लागतो त्यात साडी नेसायचा वेळ मिळवला तर हिशेब जुळत नव्हता. अंगावर लग्नातली साडी, केसांत अबोलीची फाती, हातात पातोळ्यांसाठी हळदीच्या पानांची जुडी. पायलट खाली उतरून मोटारसायकलच्या स्प्रिंगा तपासू लागला.

"बरी बेगीन इलंस," भिकाजी संशयाने म्हणाला.

"वजनाक तयारी किदें लागता, भावजी?" गंगा म्हणाली आणि खाली मान घालून बाकावर चढली. जीपची पाठ बसली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला, आणि शेवंतीसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कृष्णनाथ पुढे आपल्या जागी बसला. जीप सुटल्यावर इंजिनाच्या गोंगाटात तो मागे वाकून तिच्या कानाशी पुटपुटला, "तुका सांगतंय कोणाक सांगू नको. नट फिरता."

"माका म्हायत आसा," गंगा म्हणाली.

"कशां?"

"सकाळपासून बाकार बसलेलंय ती नेवऱ्यो बघूक? सगळ्यो नेवऱ्यो बऱ्यो होत्यो." तिने हळदीची पानं मांडीवर नीट केली. "तुमका समजाक इतको वेळ लागतलो, हां माका वाटूक ना. साडी नेसान पायरेर बसान पाय दुखले."

कृष्णनाथ तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं ही बाई आपल्या घरात होती आणि आपण तिला भात वाढताना बघत होतो. त्याला तिचा इतका अभिमान वाटला की सबंध डिचोलीपर्यंत त्याने पुढचा रस्ता पाहिलाच नाही. ट्रेलरही शहाण्या मुलासारखा मागून सरळ येत होता.

आमोण्याच्या वळणावर मांडवी दिसली आणि सगुणबाबांचं सगळं घर रस्त्यावर आलं. पोरं होडीभोवती नाचू लागली. जावई सुदेश तर इंजिनाला हात लावून स्वतःशीच हसत उभा राहिला. सगुणबाबांच्या घरच्या बायकांनी वजें उतरवून घेतलं, नारळ आत गेला, नेवऱ्यांचा डबा गेला, आणि शेवटी विहीणबाई जीपच्या मागे येऊन म्हणाल्या, "वयनी, देंवा. बसल्यात कित्याक?"

"तां वजन," भिकाजी मधे येऊन म्हणाला. "देंवना."

विहीणबाईंना काही कळेना. कृष्णनाथ समजावू लागला, भोक, गोळा, नाक, बुडबुडा, आणि जसजसं तो समजावत गेला तसतशी आमोण्याची माणसं काळजीने एकमेकांकडे बघू लागली. एवढ्यात आतून गौरवी धावत आली. हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाने भरलेले, कपाळावर पीठ, डोळे रडून की चुलीच्या धुराने लाल झालेले ते देव जाणे. आई दिसताच ती जागच्या जागी थबकली.

"आई! देंव मगो!"

गंगेने भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीने काठीकडे पाहिलं. कृष्णनाथाला वाटलं आता बोलावं, आता तरी दादाला 'नाही' म्हणावं. तो एक पाऊल पुढे आला आणि ट्रेलरच्या चाकातली हवा बघू लागला.

गौरवीने थोरल्या काकाला चांगलं ओळखलं होतं. "काका, आई देंवची ना मां?"

"ना."

"मगे मी चडलंय तर?"

यावर घराण्यात नियम नव्हता. भिकाजी आठवू लागला, आणि तो आठवतोय तोवर गौरवी चढलीही. पिठाच्या हातांनी तिने आईच्या गळ्याला मिठी मारली, लग्नातली साडी पांढरी झाली, अबोली विस्कटली, आणि दोघी एकाच वेळी रडायला आणि बोलायला लागल्या. त्यात पातोळ्या होत्या, सासूबाई चांगल्या होत्या, खतखत्यात काय आधी घालायचं हे होतं, आणि मधूनमधून नुसतंच "आई, आई" होतं. कृष्णनाथाचे डोळे भरून आले आणि ते त्याने कुणापासून लपवले नाहीत.

जीपची पाठ आणखी दबली. "नाक गेलां सकयल!" धाकू ओरडला. "एक भोक वर घेवंक जाय आता!"

"नट फिरना मां," कृष्णनाथ घाईघाईने म्हणाला.

भिकाजी जीपच्या मागे गेला. गुडघे धरून खाली बसला आणि नटाला बोटांनी हात लावला. नट फिरला. धारगळला घाईत आवळलेला तो नट म्हाताऱ्याच्या दोन बोटांनीसुद्धा फिरला. भिकाजीने वर मान करून धाकट्या भावाकडे पाहिलं.

कृष्णनाथाने जन्मात पहिल्यांदा दादाला फसवलं आणि ते सगळ्या आमोण्यासमोर उघडं पडणार होतं. वर बाकावर त्या दोघींना कशाचाच पत्ता नव्हता. गौरवी आईच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसत होती आणि गंगा तिच्या केसांतलं पीठ झाडत होती. भिकाजी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने नट बोटांनीच पुन्हा घट्ट केला आणि काठीवर जोर देऊन उठला.

"घट्ट आसा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गंजलेलो आसा पुरो. चवथ जायपर्यंत सुटाचो ना."

"आनी होडी?" सगुणबाबांनी विचारलं.

"होडी पूजा जाल्यार पाण्यात घाला. तोपर्यंत ट्रेलर सरळ रावंक जाय, म्हणजे वजन हंयच रावतलां." उभा ट्रेलर सरळ राहिला काय आणि वाकडा राहिला काय, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं. पण भिकाजीला विचारणार कोण? "घरच्या चवथीचां सरस्वती बघतली. तू कशाक बघतंस रे माज्या तोंडाकडे?" हे कृष्णनाथाला होतं.

"पण भावजी, जीपीत किती वेळ बसू?" गंगेने वरून विचारलं.

भिकाजीने आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"पावस येतलो दिसता," तो म्हणाला. "वजन भिजाक नाका. भितर व्हरा तेका." तो फाटकाकडे चालू लागला, आणि मागे न बघता विहीणबाईंना म्हणाला, "आनी पोटभर जेवंक घाला. थोडां जरी कमी जालां तर माप चुकतलां."